दारिद्र्यरेषा कोठे आखायची?

दारिद्र्यरेषा म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि तत्सम किमान गरजा भागविण्यासाठी एका माणसाला लागणारा खर्च. ज्यांचा दरडोई खर्च या रकमेहून कमी ते गरीब, ज्यांचा अधिक ते गरीब नव्हेत. व्याख्या एवढी सोपी आहे. मात्र ही रक्कम किती धरायची, यावर गेल्या सव्वाशे वर्षांत जगभरच्या विद्यापीठांतून आणि संशोधन संस्थांतून जेवढा वाद झाला, तेवढा सामाजिक शास्त्रांतील फार थोड्या प्रश्नांवर झाला असेल. हा वाद केवळ पंडितांचा नाही. रेषा दोन-चार रुपयांनी खाली सरकली की काही कोटी माणसे कागदोपत्री गरिबीतून बाहेर पडतात, आणि पुष्कळदा त्यांच्या हातून स्वस्त धान्यही निसटते.

एकाच वर्षाचे उदाहरण पुरेसे आहे. २००४-०५ साली राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेने देशभरातील कुटुंबांच्या खर्चाची मोठी पाहणी केली. जुन्या पद्धतीने हिशेब करून नियोजन आयोगाने सांगितले की, देशातील २७.५ टक्के लोक गरीब आहेत. असंघटित क्षेत्राविषयीच्या अर्जुन सेनगुप्ता आयोगाने २००७ मध्ये याच पाहणीच्या आधारे सांगितले की, ७७ टक्के जनता दिवसाकाठी २० रुपयांहून कमी खर्चात जगते. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये हेच आकडे तपासून ३७.२ टक्के असे उत्तर काढले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील उत्सा पटनाईक यांनी प्रत्यक्ष पोटात जाणारे उष्मांक मोजले, तेव्हा ग्रामीण भागातील तीन चतुर्थांशांहून अधिक लोक ठरलेल्या उष्मांकांना वंचित असल्याचे त्यांना दिसले. पाहणी तीच, कुटुंबे तीच. बदलली ती फक्त रेषा.

कैद्याचा शिधा

भारतातील या मोजमापाची सुरुवात दादाभाई नौरोजी यांच्यापासून होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन केलेल्या दादाभाईंनी १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. सरकारचेच आकडे घेऊन त्यांनी देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले. त्यापुढे त्यांनी ठेवला तो तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार करीत असलेला खर्च. तो या उत्पन्नाहून अधिक होता. स्वतंत्र रयतेला कैद्याएवढेही मिळत नाही, हे सांगण्यासाठी त्यांना एकाही विशेषणाची गरज पडली नाही.

इंग्लंडमध्ये सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्क शहरातील कामगार कुटुंबांची घरोघर पाहणी केली व १९०१ मध्ये ती प्रसिद्ध केली. केवळ शरीर कार्यक्षम ठेवण्यापुरता खर्च धरून त्यांनी जी रेषा आखली, तिच्याखाली शहरातील सुमारे १० टक्के लोक निघाले. ती रेषा इतकी काटेकोर होती की, तिच्यावर जगणाऱ्या कुटुंबाने रेल्वेचे तिकीट काढायचे नाही, पत्र धाडायचे नाही आणि वर्तमानपत्रही विकत घ्यायचे नाही, हे राउंट्री यांनी स्वतःच बजावून ठेवले. किमान म्हणजे नेमके काय, हा पेच असा पहिल्याच दिवशी उघड झाला होता.

पुण्यातील दोन अभ्यासक

स्वतंत्र भारतात नियोजन आयोगाच्या पुढाकाराने १९६२ मध्ये एका अभ्यासगटाने १९६०-६१ च्या किमतींनुसार दरमहा दरडोई २० रुपये हा किमान खर्च सुचविला. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ या गटात होते. या २० रुपयांत आरोग्य आणि शिक्षण यांचा खर्च धरलेला नव्हता. तो राज्यसंस्था करील, असे गृहीत होते. घटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांशी ते सुसंगतही होते. पुढच्या जवळजवळ पाच दशकांत शाळांची फी, शिकवण्या आणि खाजगी दवाखान्यांची बिले वाढत गेली. रेषेच्या पोटातील ते गृहीतक मात्र तसेच राहिले, आणि त्याकडे फारसे कुणी पाहिलेही नाही.

याच गोखले संस्थेतून १९७१ च्या जानेवारीत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा अभ्यास बाहेर आला. मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'ने तो दोन अंकांत छापला. रेषा आखताना या दोघांनी एक साधी गोष्ट केली. माणसाला दररोज २२५० उष्मांक मिळावेत असे धरून, प्रत्यक्षात किती खर्च करणाऱ्या कुटुंबांना तेवढे उष्मांक मिळतात ते पाहणीतून शोधले. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये असे उत्तर आले. या रेषेखाली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील जवळजवळ निम्मे लोक होते.

अधिक अस्वस्थ करणारा निष्कर्ष पुढे होता. साठच्या दशकात जी काही आर्थिक वाढ झाली, तिचा लाभ मुख्यतः वरच्या थरांना मिळाला होता आणि शहरांतील अगदी तळच्या लोकांची स्थिती उलट खालावली होती. कमाल जमीनधारणा कायद्याने वाटण्याजोगी जमीन पुरेशी निघणार नाही, तेव्हा अंग मोडून काम करायला तयार असलेल्यांना सरकारने काम द्यावे, हा त्यांचा उपाय होता. डावे आणि उजवे दोघेही त्यावर तुटून पडले. त्यानंतर वर्षभरातच, १९७२ च्या दुष्काळात, महाराष्ट्राने रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा केला. तो प्रामुख्याने वि. स. पागे यांच्या विचारातून आला होता. तरीही त्या काळी राज्यातील विचारवंत आणि कार्यकर्ते यांच्यात कोणत्या विषयाची चर्चा चालू होती, याची कल्पना या दोन घटनांवरून येते.

दांडेकरांना खरे आव्हान मिळाले ते पुण्यातूनच. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले. निवृत्तीनंतर पुण्यात परतलेल्या सुखात्मे यांचे म्हणणे असे की, उष्मांकांची गरज माणसागणिक तर बदलतेच, पण एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते. तेव्हा सरासरी गरज हीच किमान मर्यादा धरली, तर धडधाकट माणसांचा मोठा हिस्साही उपाशी ठरेल. त्यांची खालची मर्यादा स्वीकारली की गरिबांची संख्या एकदम निम्म्याच्या आसपास येत असे. १९८० च्या दशकात दांडेकर आणि सुखात्मे यांच्यात यावर जाहीर वाद झाला. दोघेही संख्याशास्त्रात मुरलेले असल्याने तो वाद समजायला सोपा नव्हता. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचा आक्षेप मात्र कुणालाही कळेल असा होता. शरीर जुळवून घेते हे खरे, पण त्याची किंमत खुंटलेली वाढ आणि कमी झालेली कामाची ताकद या रूपाने मोजावी लागते. मग त्याला निरोगी का म्हणायचे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सुखात्मे यांच्या पक्षाकडून मिळाले, असे म्हणता येत नाही.

रेषेपासून शिधापत्रिकेपर्यंत

१९७९ मध्ये योगिंदर अलघ यांच्या अभ्यासगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० उष्मांक निश्चित केले. १९७३-७४ च्या किमतींनुसार रेषा महिना ४९ आणि ५७ रुपयांच्या जवळपास आली. मुंबई विद्यापीठात अध्यापन केलेल्या डॉ. डी. टी. लकडावाला यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञगटाने १९९३ मध्ये राज्यवार रेषा दिल्या. तोवर हा सारा नियोजनकारांच्या कागदांवरील व्यवहार होता.

जून १९९७ मध्ये रेशनव्यवस्था लक्ष्याधारित झाली आणि रेषा थेट चुलीपर्यंत पोहोचली. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. वार्षिक १५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पिवळी पत्रिका, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरी. शहरांत धुणीभांडी करणाऱ्या बाईचे वर्षाचे उत्पन्न १५ हजारांच्या आत बसविणे म्हणजे तलाठ्याच्या वा तहसीलदाराच्या दाखल्याची कसरत, हे रेशन कार्यालयाच्या रांगेत उभे राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

त्यातही एक मेख होती. नियोजन आयोगाची रेषा पाहणीतून देशात आणि राज्यात किती टक्के लोक गरीब आहेत एवढेच सांगते. ते कोण, हे ती सांगू शकत नाही. म्हणून गरीब कुटुंबे शोधण्यासाठी वेगळी गणना करावी लागे. २००२ च्या गणनेत घर, जमीन, कपडे, शौचालय, कर्ज अशा १३ बाबींवर प्रत्येकी शून्य ते चार गुण होते. मात्र अंतिम यादीची लांबी आयोगाच्या टक्केवारीने आधीच बांधून दिलेली होती. गावात त्याहून अधिक गरीब निघाले, तर उरलेल्यांनी बाहेर राहायचे. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी पाहण्यांच्या आधारे २०१० मध्ये दाखवून दिले की, २००४-०५ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे निम्म्या गरीब कुटुंबांकडे दारिद्र्यरेषेखालील पत्रिकाच नव्हती.

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ च्या अहवालात दोन बदल केले. उष्मांकांचा आधार सोडून दिला, आणि शिक्षण व आरोग्य यांवर लोक प्रत्यक्षात करीत असलेला खर्च रेषेत आणला. १९६२ चे गृहीतक असे ४७ वर्षांनी निकाली निघाले. ग्रामीण दारिद्र्य त्यामुळे २८ वरून ४१.८ टक्क्यांवर गेले. शहरांचा आकडा मात्र समितीने जुनाच, म्हणजे २५.७ टक्के, पायाभूत धरला आणि त्यावरून ग्रामीण रेषा बेतली. नव्या इमारतीखाली जुना पाया राहिला तो असा.

सप्टेंबर २०११ मध्ये अन्न हक्काच्या खटल्यात नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. शहरात दिवसाला ३२ आणि खेड्यात २६ रुपये दरडोई खर्च करणारा गरीब नाही, असा त्याचा अर्थ होता. देशभर संतापाची लाट उसळली. पाच जणांच्या शहरी कुटुंबाला महिना सुमारे ४,८०० रुपये, हाच आकडा वेगळ्या रीतीने मांडला असता तर कदाचित एवढा गहजब झाला नसता. पण ३२ रुपयांत मुंबईत एक थाळीही मिळत नव्हती. तेंडुलकर त्याच वर्षीच्या जूनमध्ये वारले होते. ज्यांच्या समितीने गरिबांची संख्या वाढविली, त्यांचेच नाव कंजूष रेषेशी कायमचे जोडले गेले, हा दैवदुर्विलासच. पुढे रंगराजन समितीने २०१४ मध्ये खेड्यात ३२ आणि शहरात ४७ रुपये सुचविले. २०११-१२ साठी तेंडुलकर पद्धतीने २१.९ टक्के असलेले दारिद्र्य त्यामुळे २९.५ टक्के झाले. सरकारने हा अहवाल स्वीकारला नाही. १ जानेवारी २०१५ पासून नियोजन आयोगच राहिला नाही, आणि त्यानंतर देशाने नवी अधिकृत खर्चाधारित रेषा निश्चित केलेली नाही.

डॉलरची कहाणी

जागतिक पातळीवरची रेषा जागतिक बँकेने १९९० च्या विकास अहवालात आणली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांच्या रेषा एकत्र मांडून वर्षाला ३७० डॉलर, म्हणजे दिवसाला साधारण एक डॉलर, ही मर्यादा ठरविली. त्याच अहवालातील २७५ डॉलरची खालची मर्यादा भारताच्या रेषेशी जुळणारी होती. हा डॉलर बाजारातील विनिमय दराचा नव्हे. अमेरिकेत एका डॉलरला जेवढी वस्तू येते तेवढीच इथे घेण्यासाठी लागणारे रुपये, अशा क्रयशक्तीच्या हिशेबाने तो मोजला जातो. त्यामुळे भारतात त्याचे मोल बाजारातील डॉलरच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरते.

पुढे किमतींच्या नव्या पाहण्या आल्या तशी रेषाही बदलत गेली : २००८ मध्ये १.२५ डॉलर, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर. २००८ ची रेषा पंधरा अतिगरीब देशांच्या रेषांची सरासरी होती. त्यांतील तेरा देश आफ्रिकेतील, उरलेले दोन नेपाळ आणि ताजिकिस्तान. त्या फेरबदलानंतर जगातील गरिबांची संख्या पूर्वीच्या अंदाजाहून सुमारे ४० कोटींनी वाढली. २०२५ च्या बदलाने २०२२ सालची संख्या ७१.३ कोटींवरून ८३.८ कोटींवर नेली. यातले कुणीही एका रात्रीत गरीब झाले नव्हते.

या पद्धतीवर सर्वात कडक टीका न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठ परिसरातून झाली. तत्त्वज्ञ थॉमस पोगी आणि अर्थतज्ज्ञ संजय रेड्डी यांनी २००० च्या दशकाच्या प्रारंभी मांडलेला मुद्दा सर्वसामान्य वाचकाला चटकन पटेल असा आहे. गरीब देशात केशकर्तन, घरकाम, वाहनचालक अशा सेवा अतिशय स्वस्त असतात. देशाची क्रयशक्ती मोजताना त्या सेवाही टोपलीत येतात, त्यामुळे देश एकूण स्वस्त भासतो. पण गरीब माणूस वाहनचालक ठेवत नाही. त्याचा पैसा जातो तो धान्य, तेल आणि सरपणावर, आणि या वस्तू त्या मानाने एवढ्या स्वस्त नसतात. परिणामी रेषा प्रत्यक्ष गरजेपेक्षा खाली राहते. आधी माणसाला काय लागते ते ठरवा, मग प्रत्येक देशात त्याची किंमत काढा, ही त्यांची मागणी होती. रॅव्हॅलियन यांनी तिला सविस्तर उत्तरे दिली. तुलना करायची तर एकच मापदंड हवा, हा त्यांचा युक्तिवादही सहज उडवून लावता येत नाही. परंतु पोगी यांचा मूळ रोख हिशेबाच्या चुकीवर नव्हताच. गरिबी झपाट्याने घटते आहे असे आकडे सांगू लागले की, व्यापाराचे आणि कर्जाचे जागतिक नियम बदलण्याची निकड श्रीमंत राष्ट्रांना वाटत नाही, ही त्यांची तक्रार होती. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक आणि न्यूयॉर्क विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक फिलिप ऑलस्टन यांनीही २०२० मध्ये आपल्या अखेरच्या अहवालात १.९० डॉलरच्या रेषेवर याच स्वरूपाची टीका केली.

पैशाऐवजी वंचितता

केवळ डोकी मोजण्याने गरिबीची खोली कळत नाही, हे अमर्त्य सेन यांनी १९७६ च्या एका शोधनिबंधात दाखविले होते. रेषेच्या जरा खाली असलेला आणि पार तळाशी असलेला, दोघेही मोजणीत सारखेच धरले जातात. सेन यांच्या विचारांतून पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठातील सबिना अल्कायर आणि अमेरिकेतील जेम्स फॉस्टर यांनी बहुआयामी निर्देशांक तयार केला. २०१० पासून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम तो प्रसिद्ध करतो. पोषण, बालमृत्यू, शालेय वर्षे, मुलांची हजेरी, इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर आणि मालमत्ता या दहा बाबी त्यात आहेत. भारित गुणांपैकी एक तृतीयांश बाबींत वंचित असलेले कुटुंब गरीब मानले जाते. पहिल्याच वर्षी समजले की, भारताच्या आठ राज्यांतील गरिबांची संख्या ४२ कोटींहून अधिक, म्हणजे आफ्रिकेतील सर्वात गरीब २६ देशांतील गरिबांपेक्षाही जास्त होती. पुढील काळात चित्र बरेच पालटले. २००५-०६ मध्ये भारतात ५५.१ टक्के असलेले हे प्रमाण २०१९-२१ मध्ये १६.४ टक्क्यांवर आले.

नीती आयोगाने मातृ-आरोग्य आणि बँक खाते या दोन बाबी जोडून आपला राष्ट्रीय निर्देशांक केला. महाराष्ट्रात त्यानुसार सर्वाधिक प्रमाण नंदुरबार जिल्ह्यात निघाले. या मापनातही प्रश्न उरतातच. खाते आहे की नाही एवढेच विचारले, तर त्यात पैसे आहेत की नाहीत हे कळत नाही. विजेची जोडणी नोंदली जाते, ती किती तास असते हे नोंदले जात नाही.

खर्चाच्या पाहण्यांचा वादही संपलेला नाही. २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्ध केले नाहीत. २०२२-२३ ची पाहणी प्रसिद्ध झाली, पण तिची पद्धत बदलली होती. एकाच भेटीऐवजी प्रत्येक घराला तीन भेटी देऊन प्रश्न विचारले गेले. तीन डॉलरच्या रेषेने २०११-१२ मधील २७.१ टक्के दारिद्र्य २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के झाले, असे जागतिक बँक सांगते. यातील घट प्रत्यक्षातली किती आणि अधिक बारकाईने विचारल्यामुळे नोंद वाढली ती किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. १९९९-२००० च्या पाहणीत लोकांना गेल्या सात दिवसांचा खर्च विचारावा की तीस दिवसांचा, यावरून असाच वाद पेटला होता आणि प्रिन्स्टन विद्यापीठातील अँगस डीटन यांना ते आकडे दुरुस्त करण्यात बराच काळ घालवावा लागला होता.

दरम्यान, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला धान्याचा हक्क दिला. त्यामुळे शिधापत्रिकेशी असलेले दारिद्र्यरेषेचे नाते बरेच सैल झाले. लाभार्थींची ८१.३५ कोटींची कमाल संख्या मात्र २०११ च्या जनगणनेवरून बांधलेली आहे. त्यानंतर वाढलेल्या लोकसंख्येचा विचार केला तर १० कोटींहून अधिक माणसे यामुळे बाहेर राहतात, असा अंदाज द्रेझ व खेरा यांनी २०२० मध्ये मांडला होता. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना लांबली. नव्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली असून तिचा संदर्भदिन, काही हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ हा आहे.